आमचं गाव मोजायला जेठात या

मा. मंत्रीमहोदय यांस,
स.न.वि.वि.

दसरा झाला. परवा रात्री वाडीत ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाची ट्रॉली लागली. तिच्यात भांडी, बाजरीचं पोतं, कोंबड्यांचा डालगा, आणि यंदा माझ्या नातीचं दप्तरही. मागच्या सालापर्यंत ते खुंटीला राहायचं, कारण पोर माझ्याजवळ राहून वाडीतल्याच शाळेत जायची. ती शाळा जूनपासून बंद आहे. पट कमी, म्हणून. खिडकीतून आत पाहिलं तर फळ्यावर एप्रिलमधली तारीख अजून तशीच आहे.

"शाळा हलू देणार नाही, वर हंगामी वसतिगृह देतो," हे तुम्ही निवडणुकीआधी आमच्या पारावर बोललात. नारळ मी फोडला होता.

पट मोजायला साहेब आले डिसेंबरात. बालाघाटाच्या डोंगरातलं गाव डिसेंबरात मोजतात का? तेव्हा आमची माणसं सांगली-कोल्हापूर-बेळगावकडं उसाच्या फडात असतात. दिवाळीपासून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पाच-सहा महिने इथं म्हातारी माणसं आणि कुलपं. ज्यांच्या घरी सांभाळायला म्हातारं नाही, ती पोरं आईबापामागं जातात. दुसरी शाळा चार किलोमीटरवर, मधे ओढा. पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी, हा शिक्षण हक्काचा नियम तुमचाच ना?

मी सातवी शिकलो आणि 28 हंगाम ऊस तोडला. पहाटे तीनला फडात उभं राहायचं. मोळ्या वाहून मानेचे मणके गेले, आता हे पत्र लिहिताना हात बधिर होतो. बायको कोपीत, म्हणजे फडावरच्या पाचटाच्या झोपडीत, बाळंत झाली आणि पाचव्या दिवशी मोळ्या बांधायला उभी राहिली. खाडा पडला की पैसे कापतात, मग मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही. पोरगा दहावीला नापास झाला नाही साहेब, तो बसलाच नाही. परीक्षा मार्चात, तो फडात. आता तो आणि सून मिळून एक कोयता. आमच्यात माणूस मोजत नाहीत, नवराबायकोचा एक कोयता धरतात. नात चौथीत आहे. पाढे तीसपर्यंत येतात तिला. फडावर पोरगी मोठी व्हायला लागली की कोपीत एकटी ठेवायची भीती वाटते, मग बाप तेराव्या-चौदाव्या वर्षीच स्थळ बघतो. हे मी चार घरांत पाहिलंय.

आणि मोजणीचंच निघालंय म्हणून बोलतो. 2011 ची जनगणना झाली 9 ते 28 फेब्रुवारीत, ऐन हंगामात. 2021 ची झालीच नाही. आता पुढची 2027 च्या फेब्रुवारीत, म्हणजे पुन्हा आमच्या दाराला कुलूप असताना. वित्त आयोगाचा पैसा लोकसंख्येवर येतो. टँकर मागायला गेलं की कागद काढतात आणि म्हणतात, तुमची वस्ती एवढीशीच. आमचं गाव ओस पडलं नाही. ते दरसाल जातं आणि दरसाल परत येतं, पण सरकार येतं ते आम्ही नसतानाच. निजामाचं राज्य जाऊन 1948 पासून इतकी वर्षं झाली, अजून मराठवाड्याचा माणूस कुठल्या महिन्यात घरी असतो एवढंही मुंबईला माहीत नाही!

जेठात या. पेरणीआधी सगळे घरी असतात. घरटी पोरं मोजा, मग पट सांगा.

तोवर शाळा उघडून एक मास्तर द्या. बुधवारच्या आत कळवलंत तर मी दप्तर खाली उतरवून घेईन. ट्रॉली गुरुवारी पहाटे निघते.

आपला,
वाडीतला एक म्हातारा ऊसतोड्या