टळलेले वादळ जाते कुठे?

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर आले आणि त्याच्या तडाख्यात दक्षिणेकडचे मंडणगड आणि दापोली हे आमचे दोन तालुकेही सापडले. सकाळी आमच्या आंजर्ल्याची वीज गेली, तिच्यापाठोपाठ फोन गेले आणि दुपार कलेपर्यंत माझ्या वाडीतील निम्म्याहून अधिक पोफळी आडव्या झाल्या होत्या. त्याच वेळी टाळेबंदीमुळे डोंबिवलीच्या घरात अडकून पडलेला माझा मुलगा मराठी वृत्तवाहिनी लावून बसला होता. मुंबईच्या किनाऱ्यावरून प्रतिनिधी लाटा दाखवत होते, अधूनमधून अलिबाग येत होते, आणि दुपारनंतर पडद्यावर मुंबईवरचे संकट टळल्याची पट्टी झळकली तेव्हा त्याने निर्धास्त होऊन चहा ठेवला. पुढे चार दिवस आमचा फोन लागेना, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आले की टळलेले संकट आपल्याच घराच्या कौलांवरून गेले आहे.

त्यानंतर लावलेल्या पोफळी आता कुठे धरू लागल्या आहेत. परंतु ‘टळले’ या शब्दाने माझा पिच्छा सोडलेला नाही. मुंबईवरून टळलेले वादळ कुणाच्या ना कुणाच्या दारात जातेच, आणि मराठी भाषेत, महाराष्ट्राचे नाव लावून चालणाऱ्या वाहिन्यांना हे ‘कुणीतरी’ आपल्या प्रेक्षकांत धरावेसे वाटत नाही, अशी माझी तक्रार आहे.

कोकण दूरचित्रवाणीवर दिसत नाही, असे मी म्हणणार नाही. कोकण पुष्कळ दिसते, पण ते मुंबईकराचे कोकण असते. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मुंबई-गोवा महामार्गावरचे खड्डे दिसतात, कारण चाकरमान्यांच्या गाड्या त्यांत अडकणार असतात. २०११ पासून रखडलेल्या त्याच रस्त्यावरून वर्षाचे उरलेले अकरा महिने ज्यांना रुग्ण, शाळेची मुले आणि बाजाराचा माल न्यावा लागतो, त्यांच्या वाट्याला कॅमेरा येत नाही. हापूसची बातमी होते ती पहिली पेटी वाशीच्या बाजारात पोहोचल्यावर. थंडी लांबली, पुनर्मोहोर आला, तुडतुडे आणि फुलकिडे यांच्यावर फवारण्या करून बागायतदार मेटाकुटीला आला, हे सगळे त्या पेटीच्या आधी घडून गेलेले असते, आणि हंगामाच्या शेवटी कॅनिंगला, म्हणजे डबाबंद रसासाठी जाणाऱ्या आंब्याला, किलोमागे काय दर मिळाला ते तर कुणी विचारतच नाही. माशांचेही तसेच. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी, माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेले निर्बंध, एलईडी दिवे लावून रात्री चालणारी मासेमारी आणि त्यावरून पारंपरिक मच्छीमारांच्या मनात साठलेला संताप हे आमच्याकडे घरोघरचे विषय आहेत. वाहिन्यांवर मात्र गटारीला मुंबईच्या मंडईत पापलेट किती महागले, एवढेच कळते.

पावसाळ्यात हा कल सर्वांत स्पष्ट दिसतो, आणि तेथे तो नुसता खटकणारा न राहता घातक होतो. मी छत्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. माझ्या वर्गातल्या ज्या मुलांनी मुंबई कधी पाहिलेली नव्हती, त्यांना हिंदमाता, मिलन सबवे आणि अंधेरी सबवे ही तिथल्या पाणी तुंबणाऱ्या ठिकाणांची नावे तोंडपाठ असत. पण संगमेश्वर कोणत्या नदीच्या काठी आहे, असे विचारले तर निम्मा वर्ग गप्प बसे. मुलांना दोष कसा द्यावा? जे नाव रोज कानांवर पडते तेच लक्षात राहते. खेडची जगबुडी, चिपळूणची वाशिष्ठी, संगमेश्वरची शास्त्री, चांदेराईची काजळी, राजापूरच्या अर्जुना आणि कोदवली या नद्या दर पावसाळ्यात इशारा पातळी ओलांडतात. जगबुडीची इशारा पातळी पाच मीटर आणि धोका पातळी सात मीटर आहे, हे खेडच्या बाजारपेठेतील प्रत्येक दुकानदाराला ठाऊक असते, कारण माल माळ्यावर कधी चढवायचा हे त्यावरून ठरते. हा आकडा तासातासाला पट्टीवर सरकत राहिला, तर वाहिनीचा कोणता खर्च वाढणार आहे? लोकल किती मिनिटे उशिरा धावत आहे, हे मात्र सरकत असते.

‘कोकणात मुसळधार’ एवढ्या दोन शब्दांत पालघरपासून दोडामार्गापर्यंतचा पाऊस बसवण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्याविषयीही येथे लिहिले पाहिजे. एका वादळी संध्याकाळी ‘मुरूडला तडाखा’ अशी पट्टी वाचून माझ्या पुण्यातील बहिणीने घाबरून फोन केला. तिची नणंद दापोली तालुक्यातल्या मुरुडला राहते, आणि बातमी होती रायगडातल्या मुरुड-जंजिऱ्याची. तालुक्याचे नाव लिहिण्याइतकी जागा पट्टीवर निश्चित असते. हर्णैचे ‘हरणाई’ करणाऱ्या निवेदकांना मी केव्हाच माफ केले आहे. गावाचे नाव चुकले तर चालेल, गाव चुकता कामा नये.

आता जुन्या तारखा आठवतो, कारण त्यांच्यावाचून हे म्हणणे केवळ रुसवा वाटेल. २६ जुलै २००५ म्हटले की महाराष्ट्राला सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस आठवतो. त्याच पावसात महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळून जवळपास दोनशे माणसे गाडली गेली, हे मुंबईत किती जणांच्या स्मरणात आहे? तेव्हा मराठीत चोवीस तास चालणाऱ्या वृत्तवाहिन्या नव्हत्या, त्या २००७ पासून येऊ लागल्या. तेव्हा ते विस्मरण त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. २ जुलै २०१९ चे मात्र तसे नाही. त्या दिवशी पहाटे मालाडला भिंत कोसळून झोपड्यांतली माणसे दगावली, मुंबई पाण्यात होती, आणि वाहिन्या तेथे होत्या ते योग्यच होते. त्याच रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले, भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे गेली. धरणाला गळती असल्याची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केलेली होती. अशी तक्रार मुंबईतल्या एखाद्या पुलाविषयी असती, तर तो पूल पडण्यापूर्वी त्याच्याखाली चार वाहिन्यांचे प्रतिनिधी उभे राहिले असते. तिवऱ्याच्या गळतीला मात्र बातमी होण्यासाठी धरण फुटावे लागले. पुढे तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी धरण खेकड्यांनी पोखरल्याचे विधान केले आणि कॅमेरे तिवऱ्याहून निघून खेकड्यांकडे वळले. त्या विधानावर हसू आणि संताप दोन्ही यावेत, हे मला मान्य आहे. पण चर्चा, व्यंगचित्रे, आंदोलने, पुन्हा चर्चा अशी कितीतरी संध्याकाळी चाललेली ही खेकड्यांची बातमी मुंबईच्या स्टुडिओत बसून करता येत होती. भेंदवाडीच्या लोकांना घरे कुठे आणि कधी मिळाली, ही बातमी करायची तर चिपळूणहून पुढे आतल्या रस्त्याने तिवऱ्यापर्यंत पुन्हा पुन्हा जावे लागले असते.

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुराचे आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसांचा बळी घेणाऱ्या दरडीचे वार्तांकन मोठे झाले, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. काही प्रतिनिधी चिखलात उतरून दिवसभर बोलत होते. आठवड्याभरात ते परतले. चिपळूणच्या व्यापाऱ्याचा विम्याचा दावा, गाळ काढण्यासाठी नागरिकांनी केलेले उपोषण, बांधकामांवर बंधने आणणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषेवरून झालेला वाद हे सारे नंतरच्या महिन्यांत घडले आणि ते बहुतांशी स्थानिक वर्तमानपत्रांतच राहिले.

याची कारणे मला अगदीच ठाऊक नाहीत असे नाही. वाहिनीला जाहिरात प्रेक्षकसंख्येवर मिळते, आणि ती संख्या काही निवडक घरांत बसवलेल्या यंत्रांवरून काढली जाते. ग्रामीण भागाचे असे आकडे तर ऑक्टोबर २०१५ पासून कुठे येऊ लागले. तोवर आम्ही काय पाहतो, याची नोंदच नव्हती. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे मिळून साडेचोवीस लाख लोकसंख्या भरली आणि दोहोंत एक लाख वस्तीचे एकही शहर नव्हते. एकट्या बृहन्मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या घरात. व्यापाराचा हिशेब येथे संपतो, असे वाहिन्यांना वाटते. माझ्या मते तो तेथेही चुकतो. त्याच जनगणनेत या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी झालेली दिसते. ही कमी झालेली माणसे गेली कुठे? ती लालबाग-परळला, भांडुपला, डोंबिवली-विरारला आहेत आणि त्यांच्या घरचा टीव्ही ‘मुंबईचा प्रेक्षक’ म्हणून मोजला जातो. हिंदमाताच्या पाण्याची बातमी पाहणाऱ्या त्या प्रेक्षकाची आई खेडला जगबुडीच्या काठी एकटी राहत असेल, तर त्याला नेमके काय पाहायचे आहे, हे कोणत्या यंत्राला कळणार?

दुसरे कारण माणसांचे आहे. माझा एक जुना विद्यार्थी एका वाहिनीसाठी बातम्या पाठवतो. त्याला पगार नाही. लागलेल्या बातमीमागे मानधन मिळते, आणि मोटारसायकल, पेट्रोल, मोबाइल सारे त्याचे स्वतःचे. वाटूळच्या पाणीटंचाईची बातमी त्याने तीनदा पाठवली, ती लागली नाही. म्हणजे तीन खेपांचे पेट्रोल त्याच्या खिशातून गेले. बिबट्या विहिरीत पडला तेव्हा मात्र मुंबईहून पाच मिनिटांत फोन आला. आता तो बिबट्या शोधतो, असे तो हसत सांगतो. अशा व्यवस्थेत जिल्ह्याची खरी बातमी कोण करणार? करणारे आहेत आणि त्याची किंमतही मोजतात. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिसे यांच्या दुचाकीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडी घालण्यात आली, दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला आणि पोलिसांना खुनाचा गुन्हा नोंदवावा लागला. राजापूर तालुक्यातील प्रस्तावित रिफायनरीच्या प्रश्नावर ते लिहीत होते. पुढे एप्रिलमध्ये त्याच रिफायनरीसाठी बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती परीक्षण सुरू झाले तेव्हा वाहिन्यांच्या गाड्यांची रांग लागली. नेते आले तशा त्या आल्या आणि नेते गेले तशा गेल्या. प्रकल्प हवा म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघेही तेथेच राहतात.

माझी मागणी फार मोठी नाही. नोव्हेंबर २०२२ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वाहिन्यांनी रोज अर्धा तास लोकहिताच्या विषयांसाठी द्यायचा आहे आणि त्या विषयांत शेती व ग्रामविकास हेही आहेत. त्या अर्ध्या तासात एकेक दिवस एकेका जिल्ह्याला द्यावा, आणि तो ‘शंभर बातम्या झटपट’ यांसारख्या दहा-दहा सेकंदांच्या रतिबात कोंबू नये. पावसाळ्याच्या चार महिन्यांत नद्यांच्या पातळ्या तालुक्यांच्या नावांसह दाखवाव्यात. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक तरी पगारी प्रतिनिधी असावा. आंब्यावरचे किंवा समुद्रावरचे तज्ज्ञ हवे असतील तर दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तेथल्या प्राध्यापकांनाही दूरध्वनी उचलता येतो. आणि संकट मुंबईवरून पुढे सरकले, तर ते कुठे सरकले हेही त्याच पट्टीवर लिहावे.

मराठी वृत्तपत्राचा आरंभ ज्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढून केला, ते बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. दरवर्षी ६ जानेवारीला वाहिन्यांवर त्यांच्या प्रतिमेला हार घातलेला दिसतो. पोंभुर्ल्याला त्या दिवशी किती वाहिन्यांची गाडी जाते, हे एकदा पाहायला मला आवडेल.

जाता जाता आपल्याकडेही एक विनंती. वर्तमानपत्रांतही रत्नागिरीची बातमी रत्नागिरीच्या पानावर छापली जाते आणि जिल्ह्याच्या वेशीवरचे खारेपाटण किंवा कशेडी ओलांडून पलीकडे जात नाही. वाहिन्यांना बोल लावताना हे लपवणे बरे दिसणार नाही. हे पत्र छापण्यायोग्य वाटल्यास ते कृपया मुंबई आवृत्तीत छापावे. आमच्या आवृत्तीत छापलेत तर ते आम्हीच वाचू, आणि यातले काहीच आम्हाला नवे नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला एक नियमित वाचक,
निवृत्त शिक्षक,
आंजर्ले, ता. दापोली, जि. रत्नागिरी