मावशींना, चोवीस लेकरांच्या वतीनं

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवील. तिसरीत आहे, जोडाक्षराशी थोडा अडखळतो, तेव्हा त्याला घाई करू नका. पत्र मी उघडच लिहिते आहे, चार लोकांनी वाचावं म्हणून. शाळेच्या कागदांत तुम्ही 'स्वयंपाकी तथा मदतनीस' या रकान्यात असता. या जानेवारीत तुम्ही जे केलंत त्याला कोणत्याच रजिस्टरात रकाना नाही.

वाचणाऱ्यांना आधी शाळेची ओळख करून देते. आमची जिल्हा परिषदेची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात. पहिली ते चौथी, पट २४, शिक्षक दोन. दिवाळी सरली की ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाचे ट्रक गावात येतात. भांडीकुंडी, गोधड्या, शेळ्या, कोंबड्या सगळं वर चढतं आणि गाव निम्मं रिकामं होतं. कोयता म्हणजे इथं नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फेडायला साखर कारखान्याच्या फडावर, उसाच्या रानात जायचं आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परत यायचं नाही. यंदा २४ पैकी १७ मुलांचे आईवडील कोयत्यावर आहेत. गावात हंगामी वसतिगृह नाही. लेकरं आजी-आजोबांकडे राहतात, आणि दोन भावंडं तुमच्याकडे. त्यांची आई ट्रकमध्ये बसत होती तेव्हा तुम्ही पोरांचं दप्तर खाली ओढून घेतलंत आणि म्हणालात, "यांची शाळा मोडू नको, मी हाय." त्या दोघांच्या हजेरीपुढे नोव्हेंबरपासून एकही खाडा नाही.

जानेवारी हा शाळेतला सगळ्यात भरलेला महिना. ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती, १२ ला जिजाऊंची आणि विवेकानंदांची, १४ ते २८ मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, मध्येच केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, क्रीडा स्पर्धा, मग २६ जानेवारी आणि त्याला जोडून स्नेहसंमेलन. यंदा सरांचं ऑपरेशन झालं, ते महिनाभर रजेवर. चार वर्ग आणि मी एकटी. पहिल्याच आठवड्यात मी तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाले होते, माता-पालक मेळावा आणि बोरन्हाण यंदा नको. आयाच गावात नाहीत, कुणाला बोलवायचं? तुम्ही परातीतल्या तांदळातून मान वर न करता म्हणालात, "आया नसल्या म्हणून काय झालं, म्याडम. आज्या हायेत की."

त्या एका वाक्यावर माझा महिना उभा राहिला.

३ जानेवारीला सहा मुलींना सावित्रीबाई व्हायचं होतं. तुम्ही ट्रंकेतली जुनी लुगडी काढलीत, मधोमध दुमडलीत आणि सकाळी साडेनऊला सहाही सावित्रीबाई तयार. परिपाठात मी सांगत होते, १८३१ साली साताऱ्याकडच्या नायगावात जन्म, १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा. तेवढ्यात पहिलीतली एक उठून म्हणाली, "त्या शाळेत खिचडी कोण करायचं?" तुम्ही दारातूनच उत्तर दिलंत, "तव्हा मी नव्हते ना गं." पोरं पोट धरून हसली. मला मात्र तो प्रश्न दिवसभर पुरला.

भोगीच्या दिवशी तर तुम्ही कमालच केलीत. हा दिवस आता पौष्टिक तृणधान्य दिन म्हणूनही पाळतात. शाळेत भरडधान्याची माहिती सांगायची असते. मी तक्ता करायला बसले होते. तुम्ही आदल्या दिवशीच पोरांना सांगून ठेवलं होतं, ज्याच्या घरी जे असेल ते आणा. कुणी ओंजळभर बाजरीचं पीठ आणलं, कुणी हरभऱ्याचे सोलाणे, कुणी दोन गाजरं, कुणी वालाच्या शेंगा, एकानं तर चड्डीचे दोन्ही खिसे भरून बोरं. गॅस बाजूला ठेवून तुम्ही मागच्या लिंबाखाली तीन दगडांची चूल मांडलीत. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आणि ती भाजी, जिला आपल्याकडे खेंगट म्हणतात आणि काही घरांत लेकुरवाळी. भाकरी थापता थापता तुम्ही चौथीच्या मुलांना विचारलंत, बाजरीला पाणी किती लागतं, उसाला किती लागतं, आपल्या डोंगरात काय पिकंल? माझा तक्ता त्या दिवशी कोरा राहिला. त्याची गरजच पडली नाही.

गणिताचंही तसंच. चार वर्ग एकत्र बसवायचे म्हटल्यावर तिसरी-चौथीला काय द्यावं, हा रोजचा घोर. तुम्ही म्हणालात, दोन पोरं धाडा माझ्याकडं. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. परिपाठ झाला की जोडी हजेरी मोजून यायची. आज २४ हजर, म्हणजे तांदूळ २ किलो ४०० ग्रॅम, डाळ ४८० ग्रॅम. आज २१, म्हणजे? उत्तर चुकलं तर तुम्ही ओरडायचा नाहीत. तराजू पुढे करायचात. आठवड्याभरात ग्रॅम-किलोची रूपांतरं अशी पाठ झाली की फळ्यावर मला महिना लागला असता. तुम्हाला अक्षरं वाचता येत नाहीत, पण काटा कुठे थांबायला हवा ते येतं. चौथीतल्या एकीनं वहीत लिहिलंय, 'माझ्या गणिताच्या दोन बाई आहेत.'

क्रीडा स्पर्धांबद्दल थोडंच लिहिते. टेम्पोतून बारा पोरं नेली, लंगडीत दुसऱ्या फेरीत हरलो, परत येताना तुम्ही सगळ्यांना शेंगदाण्याचे लाडू वाटलेत आणि गाव येईपर्यंत कुणी रडलं नाही.

बोरन्हाणाबद्दल मात्र सावकाश लिहायला हवं. अंगणवाडीतली आणि पहिलीतली मुलं मध्ये बसवली, डोक्यावर झबल्याचं कापड धरलं. बोरं, चुरमुरे, हलवा, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे. एकोणीस आज्या आल्या होत्या. कित्येकींच्या कपाळाला कुंकू नव्हतं, त्या भिंतीला टेकून मागे बसल्या. ओवाळायला कोण उठणार, म्हणून दोघी-तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. तुम्ही ताट उचललंत आणि सरळ मागे जाऊन सगळ्यात म्हाताऱ्या आजीच्या हातात दिलंत. "पहिला मान तुमचा, लेकरं तुम्हीच सांभाळताव." त्यांचे हात थरथरत होते. मग सगळ्याजणी एकेक करून पुढे आल्या, आणि त्यानंतर कोण सवाशीण, कोण नाही, हे कुणी बघितलं नाही. तुमच्या स्वतःच्या कपाळाला नऊ वर्षं कुंकू नाही, हे मला माहीत आहे. माझ्या नोकरीच्या बारा वर्षांत शाळेत इतकी मोठी गोष्ट इतक्या कमी आवाजात झालेली मी पाहिली नव्हती.

त्याच कार्यक्रमात पहिलीतल्या एकानं उसाचा करवा हातात धरून विचारलं, "हा माझ्या आईनं तोडला का?" सगळ्या आज्या गप्प झाल्या. मलाही काही सुचेना. तुम्ही त्याच्याजवळ खाली बसलात. म्हणालात, "हा आपल्या वावरातला हाय. पण तुझी आई कसा तोडती ते सांगू?" आणि सांगायला लागलात. अठरा वर्षं तुम्ही कोयता चालवलाय, हे मुलांना त्या दिवशी कळलं. ऊस जमिनीलगत तोडायचा, बुडख्यात, म्हणजे बुंध्याशी, साखर जास्त असते, बोटभर जरी वर राहिला तरी मुकादम बोलतो. पाचट, म्हणजे वाळका पाला, काढायचं, वाढे, म्हणजे हिरवे शेंडे, वेगळे करायचे, ते जनावराला वैरण म्हणून विकले की हातखर्चाला पैसे येतात. मग मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची, फळीवरून चढून गाडीत टाकायची. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला. तुम्ही उठून, डोक्यावर काही नसताना, मोळी घेतल्यासारखं चालून दाखवलंत, पाऊल कसं तोलायचं ते. मुलं टक लावून बघत होती.

मावशी, या मुलांना मी कितीदा विचारलंय, आई काय करते? "गावाला गेलीय" एवढंच यायचं. त्या दुपारी सगळी एकदम बोलायला लागली. माझी आई कोपीत, फडावरच्या झोपडीत, चूल मांडती. माझ्या आईच्या हाताला वाढ्यानं कापलं. माझा बाप गाडीवान हाय, बैलं आमची हायेत. मी शेजारी उभी राहून नुसती ऐकत होते.

दुसऱ्या दिवसापासून पंधरवड्याचा माझा सगळा बेत बदलला. निबंध आणि शुद्धलेखन स्पर्धा ठरल्या होत्या, त्या ठेवल्याच, पण त्याआधी भिंतीला एक लांब कागद लावला. मुलांनी घरून, आजीकडून, फोनवर आईकडून शब्द आणायचे: उसाचे, फडावरचे. कोपी, मोळी, पाचट, वाढे, बुडखा, फड, टोळी, उचल, मुकादम, खाडा, पट्टा. रोज मधल्या सुट्टीत मी तुम्हाला ते वाचून दाखवायची आणि तुम्ही अर्थ दुरुस्त करायचात. 'खाडा' म्हणजे सुट्टी, असं एकानं लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, "सुट्टी न्हाई बाबा. खाडा झाला की पैसे कापत्यात." ते तसंच त्या शब्दापुढे लिहिलंय. कागदावर ४३ शब्द झाले. दुसरीतला जो मुलगा पुस्तकातलं वाक्य वाचताना घाम पुसायचा, त्यानं 'बुडखा' पहिल्या झटक्यात वाचला, कारण तो शब्द त्याच्या आईनं रात्री दहा वाजता फोनवर सांगितलेला होता. भाषेचं संवर्धन म्हणतात ते मी बारा परिपत्रकं वाचून समजले नव्हते. ते या कागदापुढे समजलं.

२६ जानेवारीच्या पहाटे प्रभातफेरीत तुम्ही सगळ्यात मागे चाललात, लहानग्यांच्या चपला गोळा करत. संध्याकाळी पाराजवळच्या ओट्यावर स्नेहसंमेलन. बसवलेल्या नाचांपेक्षा जास्त टाळ्या मिळाल्या त्या मुलांनी स्वतः रचलेल्या 'फडावरची सकाळ' या छोट्या नाटकाला. त्यात खरी मोळी आणायची कल्पनाही तुमची. रेकॉर्डिंग काढायचं माझ्या डोक्यात नव्हतं. तुम्ही दोन दिवस आधी गावातल्या पोरांना गाठून ठेवलं होतं: "ज्यांची लेकरं नाचतेत त्यांनी बघायला नको का?" त्या रात्री चित्रफीत फडावर पोचली. सांगलीकडच्या एका कोपीतून एका आईनं मला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग म्हणाली, "मावशीला सांगा, लेकराचा भांग चांगला पाडला होता." मी तुम्हाला हे त्या दिवशी गडबडीत सांगायचं विसरले. आज सांगते.

बक्षिसाचे जमलेले पैसे मोजून तुम्ही माझ्यासमोर ठेवलेत आणि स्वतःसाठी काय हवं, हे विचारलं तेव्हा म्हणालात, मोठं पातेलं. त्यातही मुलांचंच. पातेलं आणलंय. तुमच्या मानधनाबद्दल मी इथे फार लिहीत नाही, पण वर्षाचे दहाच महिने ते मोजलं जातं आणि हातात कधी येईल ते सांगता येत नाही, हे वाचणाऱ्यांना माहीत असावं. पंचवीसपर्यंत पट असलेल्या शाळेला स्वयंपाकाला एकच बाई मिळते. तुम्ही आजारी पडलात तर दुसरं कुणी नाही. या महिन्यात दोनदा तुम्हाला ताप होता. चव नोंदवहीत मी दोन्ही दिवशी 'चव उत्तम' लिहिलंय आणि ते खरं आहे, पण तुमचा हात तापानं भाजत होता हे लिहायला तिथे जागा नव्हती, म्हणून इथे लिहिते.

३० तारखेला अकरा वाजता दोन मिनिटं मौन होतं. तुम्ही चूल बारीक करून, हात पदराला पुसून मुलांच्या रांगेत येऊन उभ्या राहिलात. तुमच्या एका बाजूला नातू होता, दुसऱ्या बाजूला ती दोन भावंडं. मी समोर उभी होते, आणि मनातल्या मनात तेव्हाच हे पत्र सुरू केलं.

मावशी, मी तुमची मनापासून आभारी आहे. मी आई नसलेल्या मेळाव्याची काळजी करत होते, तुम्ही मला माझीच मुलं दाखवलीत.

सर पुढच्या आठवड्यात रुजू होतील. शब्दांचा कागद मी काढणार नाही. खाली दोन हात जागा कोरी ठेवलीय. पट्टा पडला की आया परत येतील, त्यांना शाळेत बोलवू आणि राहिलेले शब्द त्यांच्याच हातानं लिहून घेऊ. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, त्यांची पोरं लिहितील. तुम्ही फक्त तारीख कळवा. ती तुम्हाला माझ्याआधी कळते.

तुमची,
शाळेतली मॅडम