र. कृ. जोशी सर, मनापासून थँक्यू

सर,

तुम्ही २००८ मध्ये गेलात आणि आपली कधी भेटही झाली नाही, पण मराठी जाहिराती लिहून पोट भरणाऱ्या माझ्यासारखीवर तुमचे एवढे उपकार आहेत की हे लिहायलाच हवं होतं.

लोकांना तुमचं नाव माहीत नसतं, पण विंडोजवर मराठी वाचलेल्या जवळपास प्रत्येकाने मंगल फॉन्ट बघितलेला असतो. तो तुम्ही केलात, विनय सायनेकरांना सोबत घेऊन, आणि विंडोज २००० बरोबर तो आला. त्याआधीचे हाल आठवतात, प्रत्येक फॉन्टचं कोडिंग वेगळं, इथे टाइप केलेली जाहिरात प्रेसमध्ये उघडली की नुसता कचरा, मग फॉन्टची फाइल सोबत पाठवा तरी रफार भलतीकडेच. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरसाठी एकच कोडिंग, आलं आणि त्याने प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर दिला हे खरं, पण नंबर म्हणजे अक्षर नव्हे ना. क, हलन्त आणि ष एकत्र आले की क्ष दिसायला हवा, पहिली वेलांटी टाइप होते नंतर पण दिसते आधी, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, आणि आपल्या मराठीत तर दर्या वेगळा आणि दऱ्या वेगळ्या. हे सगळं कोणीतरी बसून फॉन्टच्या आणि अक्षरं मांडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आत नियम म्हणून भरावं लागतं, तेव्हा कुठे आपण बिनधास्त टाइप करतो.

काही डिझायनर मंगलला साधा, कंटाळवाणा म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. बारीक साइजमध्ये, स्क्रीनवर, जोडाक्षरासकट वाचता येणं हेच त्याचं काम होतं आणि ते त्याने वर्षानुवर्षं केलं.

आणि हे काम एका जाहिरातवाल्या माणसाने केलं याचं मला फार भारी वाटतं. जे.जे.त शिकलात, उल्का अ‍ॅडव्हर्टायझिंगमध्ये आर्ट डायरेक्टर होतात, मग आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवलंत, मग एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेत फॉन्टचं काम, आणि हे चालू असताना कविता, त्याही अक्षरांच्या मांडणीतूनच अर्थ निघेल अशा. मला वाटतं ती नजर एजन्सीतूनच आली असणार, कारण जाहिरात बघणारा कायम घाईत असतो, त्याचा डोळा अक्षरावर अडखळला की तो पुढे निघून जातो. शिवाय तमिळचा लता, तेलुगूचा गौतमी, पंजाबीचा रावी हेही तुमच्याच देखरेखीखाली झाले, म्हणजे तुम्ही फक्त आपल्यापुरतं बघितलं नाहीत.

आज क्लायंट म्हणतो की आधी इंग्रजी लिहा, मराठी नंतर बघू, तेव्हा मी ठामपणे सांगते की नाही, आधी मराठीच लिहिणार आणि आत्ता इथेच लिहून दाखवते, कारण टायपिंगची सबब आता कोणाकडेच उरलेली नाही. त्यासाठी सर, अगदी मनापासून थँक्यू.