कामावरील इजेच्या उपचारांची बिले : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, कामावरील इजेचा दावा करताना 'नुकसानभरपाई' आणि 'वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती' यांची गल्लत करू नये. भरपाई मृत्यू वा अपंगत्वाबद्दल वेतन व वय पाहून ठरते, तर प्रतिपूर्ती म्हणजे उपचारांवर प्रत्यक्ष झालेला खर्च मालकाकडून परत मिळणे, जो हक्क 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात 2009 च्या दुरुस्तीने आला, 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम राहिला आणि तरीही मालकांना सोयीस्करपणे आठवत नाही. म्हणून बाबनिहाय बिल, औषधांच्या मूळ पावत्या व डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे. नुसत्या एकूण रकमेची पावती घेऊ नये. राज्य कामगार विमा योजनेतील विमाधारकांना मालकाकडे दावा करण्याचा हा मार्ग नाही. त्यांना उपचार योजनेतून आणि तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या 90 टक्के दराने रोख लाभ मिळतो.