व्यसनमुक्ती समुपदेशकांना आधी ऐकायला शिकवा
(मा. सामाजिक न्याय मंत्र्यांना खुलं पत्र)

प्रति,
मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मंत्रिमहोदय, सविनय नमस्कार.

आम्ही पुण्यात व्यसनमुक्ती समुपदेशकांना शिकवणारी माणसं. खाटा, औषधं, अनुदान यांवर बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून ते सोडून देतो. हे पत्र फक्त समुपदेशकाच्या खुर्चीबद्दल आहे. 2019 मध्ये आलेल्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणानुसार, दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतात. असा एक जण समोर येऊन बसतो आणि पहिल्या दहा मिनिटांत आपणच त्याला वाटेला लावतो.

ते कसं, ते पाहा. भोसरीतल्या कंपनीतला कामगार म्हणतो, “मी काय रोज पीत नाही. पगार झाला की चार मित्र भेटतात, तेव्हाच.” नवखा समुपदेशक लगेच विचारतो, “मग घरचे खोटं बोलतात का?” झालं. पुढचा अर्धा तास तो गृहस्थ स्वतःची वकिली करणार. याउलट समुपदेशक एवढंच म्हणाला, “म्हणजे रोजचं नाही, पण पगाराच्या दिवशी आवरत नाही,” तर बहुतेकदा उत्तर येतं, “हो ना. त्या दिवशी पैसे घरी पोचतच नाहीत.” व्यसन सोडायचं कारण आता त्याच्याच तोंडून आलं. पुढचं काम ते कारण धरून ठेवायचं: “आणि तेच तुम्हाला खटकतंय.”

रुग्णाचं बोलणं त्यालाच परत देण्याच्या या कौशल्याला प्रशिक्षणात रिफ्लेक्शन म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये दारूच्या रुग्णांसाठी मांडलेल्या मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगचा, म्हणजे बदलायची इच्छा रुग्णाच्याच बोलण्यातून जागवणाऱ्या समुपदेशन पद्धतीचा, तो कणा आहे. साधारण माप असं, की एका प्रश्नामागे दोन रिफ्लेक्शन्स यावीत. नवख्याचं संभाषण टिपून मोजलं, तर प्रमाण नेमकं उलटं निघतं आणि वर चार उपदेश असतात. त्यात त्याचा दोष नाही. कोणी चुकताना दिसलं की दुरुस्त करायला धावणं हा भल्या माणसाचा स्वभावच. इथे तो आवरावा लागतो, आणि आवरणं व्याख्यान ऐकून येत नाही.

मराठीत तर आणखी दोन खाचखळगे आहेत, जे कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सापडणार नाहीत. पहिला, अरे-तुरे. पन्नाशीच्या रुग्णाला पंचविशीचा समुपदेशक “अरे, का प्यायलास?” म्हणतो, त्यातल्या “अरे”ने अर्धं नुकसान होतं आणि “का”ने उरलेलं. “का” विचारलं की माणूस सबब शोधतो. “त्या दिवशी काय काय झालं?” असं विचारलं की हकीकत सांगतो. दुसरा, शपथ. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ घरच्यांना दिलासा देते, पण एकदा पाय घसरला की रुग्णाला वाटतं, आता सगळंच संपलं. तो लपवतो आणि लपवता लपवता पुरता जुन्या वाटेला लागतो. एखादा घोट घेतला गेला तर त्याच रात्री कोणाला फोन करायचा, हे आधी कागदावर लिहून घेणं शपथेपेक्षा शतपटीने कामाचं. पगाराची तारीख, गटारी, 31 डिसेंबर, गावची जत्रा, कंपनीतून घरी येतानाचा नेमका कोपरा: हे सगळं त्या कागदावर यायला हवं. तलफ साधारण पंधरा मिनिटं ते अर्धा तास चढते आणि मग उतरते. तेवढ्या वेळात हा माणूस कुठे असेल आणि काय करेल, हेही तिथेच लिहावं.

आता मोजमाप. दारूसाठी ‘ऑडिट’ ही जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची चाचणी सर्रास वापरली जाते. एकूण गुण 40. आठ किंवा जास्त म्हणजे धोका, वीस किंवा जास्त म्हणजे अवलंबित्वाची दाट शक्यता. तिचा हिशेब दहा ग्रॅम अल्कोहोलच्या एका मापावर चालतो. रुग्ण म्हणतो, “रोज एकच क्वार्टर,” आणि समुपदेशक “एक” लिहितो. पण 180 मिलीच्या व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये सुमारे साठ ग्रॅम, म्हणजे सहा मापं असतात. पिण्याचं प्रमाण विचारणाऱ्या पहिल्या तीन प्रश्नांत या माणसाला दहा गुण पडायला हवेत; पडतात चार. बाकीचे प्रश्न त्याने हसण्यावारी नेले की चाचणीच्या लेखी तो ठणठणीत! हे समजावायला एक रिकामी बाटली टेबलावर ठेवली तरी पुरते.

काही गोष्टी तर जिवावर बेततात. पहिला प्रश्न असावा: “शेवटची कधी घेतली? किती वाजता?” रोज पिणाऱ्याने एकदम थांबवली, तर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम. हाताला थरथर, घामाने भिजलेला शर्ट, भिंतीवर किडे दिसणं: अशा वेळी समुपदेशन थांबवून डॉक्टर गाठायचा. गर्द घेणाऱ्याला केंद्रातून सोडताना स्पष्ट सांगायला हवं की महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि जुना डोस जीव घेऊ शकतो. आणि दारू सुटावी म्हणून दिली जाणारी डायसल्फिरामची गोळी घरच्यांनी आमटीत गुपचूप मिसळायची नाही, हे त्यांना निक्षून सांगायला हवं. ती घेतल्यावर दारू पोटात गेली तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. समुपदेशक औषध देत नाही हे खरं, पण घरची मंडळी हे प्रश्न त्यालाच विचारतात.

आमची मागणी अशी. पाच दिवसांच्या, तीस तासांच्या प्रशिक्षणात व्याख्यानं दहा तासांपेक्षा जास्त नकोत. उरलेले वीस तास तिघातिघांचे गट करून सराव: एक बोलणार, एक ऐकणार, तिसरा कागदावर प्रश्नांच्या आणि रिफ्लेक्शन्सच्या रेघा मारणार. दहा मिनिटं झाली की अदलाबदल. पहिल्या दिवशी लोक हसतात, दुसऱ्या दिवशी वैतागतात. तिसऱ्या दिवसापासून कान उघडायला लागतात.

पण खरी मेख पुढे आहे. मिलर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये 140 व्यावसायिकांवर केलेल्या चाचणीत, नुसत्या कार्यशाळेतून आलेलं कौशल्य काही महिन्यांत ओसरलं. ज्यांना नंतर त्यांच्या कामावर अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळालं, त्यांचं टिकलं. म्हणून सहा महिने, दरमहा एक वीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण अनुभवी माणसाने ऐकावं. रुग्णाची लेखी संमती घेऊन, केंद्राच्या रेकॉर्डरवर; समुपदेशकाच्या स्वतःच्या मोबाइलवर मुळीच नाही. ऐकून झालं की पुसून टाकायचं. ऐकणारी माणसं पुण्यात आहेत. येरवड्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून काम करतंय, प्रादेशिक मनोरुग्णालय त्याच भागात आहे, समाजकार्य शिकवणारी कर्वे समाज सेवा संस्था कर्वेनगरला. सुरुवात पुणे जिल्ह्यातून करावी.

यात इमारत लागत नाही. रेकॉर्डर, प्रवासभत्ता आणि ऐकणाऱ्याचं मानधन, एवढाच खर्च. मात्र समुपदेशकाला भांडारपाल, टंकलेखक आणि रात्रपाळीचा रखवालदार करणं थांबवावं लागेल, आणि त्याच्या खोलीला दार बसवावं लागेल. पडद्याआड बसून कोणी बायकोवर हात उगारल्याचं कबूल करत नाही.

अनुदानित केंद्रांकडून मासिक अहवाल घेताना समुपदेशन सत्रांच्या संख्येशेजारी आणखी दोन रकाने ठेवावेत: पहिल्या भेटीनंतर 30 दिवसांनी किती जण परत आले आणि 90 दिवसांनी किती. पिऊन परत आलेल्यांनाही त्यात मोजावं.

आपले,
पुण्यातील व्यसनमुक्ती समुपदेशनाचे काही प्रशिक्षक