सूचना : लहान मुलांच्या रक्तातील शिशाची तपासणी

सर्व पालक सभासदांना, रविवारी सकाळी १० वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये १ ते ६ वर्षांच्या मुलांची तपासणी आहे. बोट टोचून थेंबभर रक्त घेतील. आधी मुलांचे हात नखांसकट साबणाने चोळून धुवा, नंतर जिन्याच्या कठड्याला लावू देऊ नका. बोटावरची धूळ थेंबात मिसळली की आकडा उगाच फुगतो. रक्तातलं शिसं डेसीलिटरला (१०० मिलीला) ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आल्यास शिरेतून रक्त घेऊन फेरतपासणी कराच. घरात जुन्या ऑइलपेंटचे पोपडे निघतात का, बाळाला कोणतं काजळ-सुरमा लावता, हळद सुटी आणता का, हे लिहून आणा; शिसं यांतूनही येऊ शकतं. मूल ठणठणीत दिसतंय म्हणून टाळू नका, शिसं लक्षणं न दाखवताही मेंदूला अपाय करतं. नावं शुक्रवारपर्यंत सेक्रेटरींकडे द्या.