आधी दिवस सांगा, मग अलास्का

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, अलास्कात बघायच्या जागांची तुमची यादी मी नकाशावर मांडून पाहिली. देनाली, जूनो, ग्लेशियर बे, ब्रुक्स फॉल्सची अस्वलं आणि वर आर्क्टिक वर्तुळ! अलास्काचं क्षेत्रफळ १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या निम्म्याहून जास्त, आणि रस्ते फार थोड्या भागात. जूनो ही राजधानी, पण तिथेसुद्धा विमानानं किंवा बोटीनंच पोचता येतं. त्यामुळे तुमच्या हाती किती दिवस आहेत ते आधी कळवा. जागा त्यावरून ठरतील.

आठवडाच असेल तर दोनच ठिकाणं करू: अँकरेज या मोठ्या शहराहून दक्षिणेला सेवर्ड हे बंदर आणि उत्तरेला देनाली पर्वत. सेवर्ड जेमतेम २०० किलोमीटर, पण त्या रस्त्यावर एका हाताला खाडी आणि दुसऱ्या हाताला डोंगर, त्यामुळे गाडी सारखी थांबवावीशी वाटेल. तिथून केनाई फ्योर्ड्सची, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांची, दिवसभराची बोट घेऊ. आई, हिमनदीचा कडा तुटून समुद्रात कोसळतो तो बोटीत बसल्या बसल्या दिसू शकतो. चढायचं काही नाही.

दहा-बारा दिवस मिळाले तर नवीन जागा जोडायच्या नाहीत, हा माझा आग्रह आहे. वाढलेले दिवस देनालीला द्यायचे. ६,१९० मीटरचा तो पर्वत बहुतेक वेळ ढगात असतो; येणाऱ्या तिघांतल्या जेमतेम एकाला तो दिसतो असं म्हणतात. एक रात्र राहून परत फिरलो आणि तो दिसलाच नाही, तर मला फार वाईट वाटेल. तीन रात्री राहिलो तर निदान संधी तरी मिळेल. देनालीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या रस्त्यावर उन्हाळ्यात खासगी गाड्या पहिल्या २४ किलोमीटरपर्यंतच जातात, पुढे उद्यानाची बस. ती अस्वल किंवा मूस, कॅरिबू अशी मोठी हरणं दिसली की थांबते. २०२१ मध्ये दरड सरकल्यामुळे हा रस्ता ४३व्या मैलाजवळ बंद करावा लागला होता, म्हणून बस कुठपर्यंत जाते ते मी बुकिंगच्या आधी तपासेन. अँकरेजहून देनालीला आगगाडीनं जाऊ. साडेसात-आठ तास लागतात, गाडीनं चार-पाच. पण बाबा, तुम्हाला खिडकीशी बसायला मिळेल आणि मला रस्त्याऐवजी तुमच्याकडे बघता येईल.

जूनो आणि ग्लेशियर बे खरंच हवं असेल तर ती वेगळी सहल. आठवड्याची क्रूझ घ्यायची. एकच खोली, सामान रोज बांधायचं नाही. आईच्या गुडघ्यांना तेच सोपं, हे मलाही मान्य आहे. फक्त त्यात देनाली नाही. ब्रुक्स फॉल्सची अस्वलं आणि आर्क्टिक वर्तुळ मात्र या खेपेला सोडून द्या. तिथे छोट्या विमानानं जावं लागतं आणि हवा बिघडली की ते उडत नाही.

महिन्याचं म्हणाल तर मला ऑगस्टची अखेर आवडेल. पाऊस जूनपेक्षा जास्त, पण डास कमी, टुंड्रा, म्हणजे तिथला झाडं नसलेला माळ, लाल-पिवळा झालेला, आणि रात्री पुन्हा अंधारायला लागलेल्या. म्हणजे दोन दिवस आणखी उत्तरेच्या फेअरबँक्स शहराला वाढवले तर उत्तरध्रुवीय प्रकाश दिसण्याचीही आशा.

आई, तुझ्या डॉक्टरांना इतक्या लांबच्या विमानप्रवासाबद्दल विचारून घे. बाबा, दिवस ठरले की लगेच कळवा. देनालीतल्या खोल्या लवकर भरतात.

तुमची,
मनू